डावा गुडघा आणि लेडीज गाडी

आमच्या दारात दोन गाड्या असतात. एक पांढरी बोलेरो, २०२२ ची, आणि एक छोटी लाल ऑटोमॅटिक. बोलेरो मी चालवते, लाल गाडी नवरा चालवतो. गल्लीला हे पाठ आहे, पण नवा माणूस आला की उलटं धरून चालतो. गेल्या आठवड्यात गॅस सिलिंडरचा टेम्पो वळेना, तर त्यातला पोरगा मला म्हणाला, "वैनी, तुमची गाडी जरा म्होरं घ्या की," आणि बोट लाल गाडीकडं. मग आतल्या बाजूला मान वर करून, "आणि साहेबांना सांगा, बोलेरो काढा म्हणावं." मी दोन्ही किल्ल्या आणल्या आणि दोन्ही गाड्या काढून दिल्या. पोरगा काही वाईट नव्हता. त्याच्या डोक्यात ते आधीच ठरलेलं होतं, एवढंच.

ते कुठं कुठं ठरतं आणि त्याची किंमत कोण भरतं, हे मी गेली तीन वर्षं अगदी जवळून बघतेय, म्हणून लिहायला घेतलं.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप चालवते. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उद्यमनगरात एका जुन्या लेथवर काम सुरू केलं होतं, आता आमच्याकडं चार सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशीन, आहेत. फाउंड्रीतून ब्रेक ड्रमची, हबची कास्टिंग येतात. ती आम्ही टर्निंग करून, भोकं पाडून, माप बघून परत पाठवतो. ट्रकचा एकेक ड्रम चाळीस-पन्नास किलोचा असतो आणि सॅम्पलचे एक-दोन ड्रम कायम माझ्या गाडीत मागं पडलेले असतात. बोलेरो घेतली ती त्यासाठी. दुसरं कारण माझी उंची. मी पाच फुटांची. उंच बसायला मिळालं की मला पुढचा रस्ता नीट दिसतो. सांगली फाट्यावर उसाच्या डबल ट्रॉल्यांमधून वाट काढायची तर दिसणं फार गरजेचं आहे. गाडी निवडताना मी याच दोन गोष्टी बघितल्या. लोकांना मात्र त्यात धाडस दिसतं. "बोलेरो चालवता? बाप रे!" असं मला महिन्यातून एकदा तरी ऐकावं लागतं.

लाल गाडीची गोष्ट याहून मोठी आहे.

नवरा लग्नाआधी तालमीतला. चोविसाव्या वर्षी कुस्तीत डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि आखाडा सुटला. पुढं तो कागलजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक झाला. तालीम सुटली तरी तालमीतलं नाव सुटत नाही. आजही मंगळवार पेठेतून चालत निघाला तर चार ठिकाणी "काय पैलवान" होतं. पंचेचाळिशीनंतर तो गुडघा पुन्हा दुखायला लागला. शाळेतून आला की पॅन्ट वर करून पाय पाटावर ठेवून बसायचा. वाटी टम्म फुगलेली, हात लावला तर गरम. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, रोजचा क्लच बंद करा, ऑटोमॅटिक घ्या.

त्यानंतर अकरा महिने आम्ही ऑटोमॅटिक घेतली नाही.

मला आधी वाटलं पैशाचा विचार असेल. मग वाटलं कंटाळा. एकदा मी मुद्दाम त्याच्याबरोबर शाळेपर्यंत गेले आणि बाजूच्या सीटवर बसून त्याचा डावा पाय मोजत राहिले. कामच मापाचं असल्यामुळं मोजायची सवय आहे. मिरजकर तिकटीपासून सायबर चौकातून शाहू नाक्यापर्यंत त्यानं १०७ वेळा क्लच दाबला. सिग्नलला दाबून धरला ती वेळ वेगळीच. शेवटी शेवटी प्रत्येक वेळी क्लच सोडताना तो ओठ आत ओढून घेत होता. हायवेला लागल्यावर मी आकडा सांगितला. तो म्हणाला, "मोजत होतीस?" आणि कागल येईपर्यंत काही बोलला नाही.

त्या रात्री बोलला. चहाच्या टपरीवर जुने मित्र बसलेले असताना त्यानं सहज विचारलं होतं, ऑटोमॅटिक कशी असते रे. त्यावर एकजण म्हणाला, "लेडीज गाडी घेणार व्हय पैलवान?" सगळे हसले. हाही हसला. आणि ते एवढंसं वाक्य त्यानं अकरा महिने गुडघ्यात वागवलं.

मला राग आला, पण त्याच्यावर नाही. मला आण्णा आठवले. आण्णांची बुलेट होती आणि आईची लुना. लुना १९७२ साली आली, पन्नास सीसीची, पायडल असलेली. ऐंशीच्या दशकात आमच्या पेठेत शिक्षिका, नर्स, पोस्टातल्या बाई, सगळ्या लुनावर असायच्या. दूधवाल्याची एम-एटी, दोन्ही बाजूंना कॅन. पैलवानाची आणि पुढाऱ्याची बुलेट. गाडी बघितली की माणूस कळायचा, असं लोक म्हणायचे. एकदा आण्णांची बुलेट मेकॅनिककडं होती आणि लक्ष्मीपुरीत एक गिअर तातडीनं पोचवायचा होता. बारा किलोचा असेल. दारात आईची लुना उभी होती, टाकीत पेट्रोल होतं. आण्णा तो गिअर पोत्यात घालून खांद्यावर मारून चालत गेले. तेव्हा मी सात-आठ वर्षांची होते. आई दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, पण तिचा चेहरा मला अजून दिसतो.

तर दुसऱ्या दिवशी मी डिलिव्हरी चलनाच्या मागच्या बाजूला नवऱ्याला चित्र काढून दाखवलं. आपल्याकडं २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर जी स्वस्तातली ऑटोमॅटिक आली, जिला एएमटी म्हणतात, तिच्या आत मॅन्युअल गाडीसारखाच गिअरबॉक्स असतो. तेच दात, तीच क्लच प्लेट. फरक इतकाच की क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम पायाऐवजी एक छोटी यंत्रणा करते आणि कधी करायचं ते कॉम्प्युटर सांगतो. माझ्या शॉपमधला साधा लेथ आणि सीएनसी यांच्यात असाच फरक आहे. हातानं चाक फिरवायच्या जागी मोटार फिरवते. सीएनसी आली तेव्हा माझ्याकडच्या एकाही ऑपरेटरला ती बायकी वाटली नाही. उलट ज्याला सीएनसी येते त्याचा पगार वाढला. मग तीच सोय गाडीत आली की ती लेडीज कशी होते?

याचा शोध घेत गेले तेव्हा लक्षात आलं, हे शंभर वर्षांपूर्वीही असंच चाललं होतं. पूर्वी पेट्रोलची गाडी पुढं हँडल मारून चालू करावी लागायची. इंजिनानं उलटा झटका दिला की हँडल फिरून मनगट मोडायचं. ते पुरुषाचं काम समजलं जाई. अमेरिकेत त्या काळी बॅटरीवर चालणाऱ्या गाड्याही होत्या. त्यांना हँडल नाही, धूर नाही, आवाज नाही, म्हणून त्या खास बायकांसाठी म्हणून विकल्या जायच्या. ज्यांनी पेट्रोलच्या गाड्या घरोघरी नेल्या त्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक नावाची बॅटरीची गाडी चालवायच्या. मग १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला इलेक्ट्रिक स्टार्टर आला आणि हँडल गेलं. आज आपल्याकडच्या बुलेटलाही बटण आहे. ते बटण दाबताना कुणाला आपण बाईसाठीची सोय वापरतोय असं वाटत नाही. पॉवर स्टिअरिंगचंही आता कुणाला काही वाटत नाही. सोय नवी असते तोवर ती बाईची, आणि जुनी झाली की सगळ्यांची. मधल्या काळात ज्यांना तिची खरी गरज असते त्यांनी काय दुखणं सोसत बसायचं?

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था बेंझ या बाई नवऱ्यानं, म्हणजे कार्ल बेंझ यांनी, बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. जवळपास १०६ किलोमीटर. इतक्या लांब मोटारीनं तोवर कुणी गेलं नव्हतं. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन विकत घेतलं. नळी तुंबली ती टोपीच्या पिनेनं साफ केली. चढावर मुलांना गाडी ढकलावी लागली, म्हणून परत आल्यावर त्यांनी नवऱ्याला चढासाठी आणखी एक गिअर बसवायला सांगितला. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजायला लागले तेव्हा त्यांनी वाटेतल्या चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची सुरुवात तिथं झाली असं सांगतात. आमच्या शॉपमध्ये दिवसाकाठी जे ड्रम निघतात, त्यांच्या आत अस्तरच घासत असतं. मी हे शॉपमधल्या पोरांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. एकजण ड्रमच्या आतल्या बाजूला हात फिरवून बघत बसला.

शेवटी आम्ही गाडी बघायला गेलो. कुठल्या शोरूममध्ये ते महत्त्वाचं नाही, कारण बहुतेक ठिकाणी असंच झालं असतं. तिथल्या मुलानं ऑटोमॅटिकचं नाव ऐकल्याबरोबर माझ्याकडं वळून विचारलं, "मॅडम, नवीन शिकताय का?" मी वीस वर्षं गाडी चालवतेय. मग त्यानं मला सन व्हायजरमधला आरसा उघडून दाखवला, रंग दाखवले, पर्स ठेवायची जागा दाखवली. इंजिन, मायलेज आणि सर्व्हिसचं सगळं तो नवऱ्याकडं बघून सांगत होता. पंधरा मिनिटं झाली असतील. नवरा मध्येच थांबवून म्हणाला, "गाडी माझ्यासाठी आहे. माझा डावा गुडघा गेलाय. मी चालवणार." आवाज जरा मोठा लागला, शेजारच्या टेबलावरच्यांनीही बघितलं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ती एक मोठी कुस्ती होती. मी हे लिहिणार म्हटल्यावर तो म्हणाला, लिही.

पर्स मलाही लागली, पण वेगळ्या कामाला. माझ्या पर्समध्ये टेप असते. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, पेडल पूर्ण दाबता येईल इतकी सीट पुढं घेतली आणि छातीच्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत टेप लावली. साडेसात इंच. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याची शिफारस कमीत कमी दहा इंचांची आहे, कारण एअरबॅग फार वेगानं उघडते आणि माणूस जवळ असला तर तिचाच मार लागतो. मी सीट वर घ्यायचा खटका शोधला. तो त्या मॉडेलमध्ये नव्हता, वरच्या मॉडेलमध्ये होता. आरसा मात्र खालच्या मॉडेलपासून होता.

हे मला फार लागलं. बाईचा विचार केला म्हणजे आरसा दिला, रंग दिला, असं समजायचं आणि जिथं बाईचं हाड मोडतं तिथं मापच घ्यायचं नाही. अमेरिकेत १९५५ मध्ये डॉज कंपनीनं 'ला फेम' नावाची खास बायकांसाठी गाडी काढली होती. गुलाबी-पांढरा रंग, त्याला जुळणारी पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट आणि छत्री. गाडी आतून त्यांचीच कस्टम रॉयल लान्सर. दोन वर्षांत बंद झाली. बायकांना छत्रीसाठी गाडी नको होती, हे त्यांना विकून बघितल्यावर कळलं. आणि इकडं, गाड्यांच्या धडक चाचणीत वर्षानुवर्षं जो मुख्य पुतळा बसवत आले, तो साधारण पावणेसहा फुटांचा, ७८ किलोचा पुरुष. बाईचा म्हणून जो छोटा पुतळा वापरतात तो ४९ किलोचा, आणि तोही पुरुषाच्या पुतळ्याचं माप लहान करून घडवलेला. कमरेची ठेवण, मान, खांदे बाईचे वेगळे असतात हे त्यात फारसं येत नाही. अमेरिकेतला २०११ चा एक अभ्यास आहे. सारख्या अपघातात, सीटबेल्ट लावलेल्या पुरुष चालकापेक्षा सीटबेल्ट लावलेल्या बाईला गंभीर इजा होण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी जास्त निघाली. बाईला गाडी चालवता येत नाही यावर जितके विनोद फिरतात, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही या आकड्यावर कुणी बोलत नाही.

आम्ही वरचं मॉडेल घेतलं. सीट वर केली, स्टिअरिंग खाली झुकवलं, टेप लावली, माझ्यासाठी दहा इंच भरले. लाल रंग नवऱ्यानं निवडला. त्याला लाल मातीची आठवण येते म्हणाला.

बोलेरो घेतली तेव्हाचं आठवतं. कोल्हापुरात गाडीची मागची काच कोरी ठेवत नाहीत. 'आईचा आशीर्वाद', 'नाद करायचा नाय', पोरांची नावं. ८०५५ नंबरासाठी लोक आरटीओत जादा पैसे भरतात, कारण तो आकडा इंग्रजीत लिहिला की 'बॉस' दिसतो. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक गाडी बाहेर निघते तेव्हा ती बघायला माणसं ताटकळत उभी असतात. आमच्या गावाचं गाडीवर प्रेमच तसं आहे आणि मलाही ते आहे. रेडियमवाल्यानं मला प्रेमानंच विचारलं, "ताई, साहेबांचं नाव कसं लिहू?" मी म्हटलं, गाडी माझी आहे. मग तो खरोखर अडला. बोलेरोसाठी त्याच्याकडं वाघ होता, त्रिशूळ होता, पिळदार मिशी होती. ताईंसाठी फुलपाखरू आणि वेल होती. दोन्ही एकत्र कुठंच नव्हतं. शेवटी मी 'आक्का' असं घालून घेतलं. आक्का म्हणजे माझी आजी. गळिताच्या दिवसांत ती उसानं भरलेली बैलगाडी हाकत कारखान्यावर न्यायची. बैलगाडी बाईची का बाप्याची, असं तिला कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही.

आमच्याकडं बायकासुद्धा 'मी आलो', 'मी जातो' असं बोलतात. मी डिप्लोमाला पुण्यात होते तेव्हा हॉस्टेलवर मुली मला हसायच्या. मी बोलणं बदललं नाही. आजही शॉपमधून निघताना फोनवर 'आलो आलो' असंच म्हणते. ज्या गावात बाई इतक्या सहज 'आलो' म्हणते, त्याच गावात महाद्वार रोडला मी बोलेरो मागं घ्यायला लागले की तीन अनोळखी माणसं हात हलवत पुढं येतात, "येऊ द्या, येऊ द्या, कट मारा, बास!" हे मला नीट समजत नाही. शेजारी एखादा पोरगा थार लावत असला तर त्याच्याकडं कुणी जात नाही. तो खांबाला लागेपर्यंतही जात नाहीत.

थारचं निघालंच आहे तर. आमच्या शॉपमधल्या पोरांचं स्वप्न म्हणजे थार. काळी, उंच केलेली, मोठ्या टायरची. रांगड्या गड्याची गाडी. २ ऑक्टोबर २०२० ला जी नवी थार बाजारात आली, तिच्या डिझाइनच्या प्रमुख होत्या रामकृपा अनंतन. मेकॅनिकल इंजिनिअर, मग आयआयटी मुंबईत डिझाइन शिकलेल्या, १९९७ पासून महिंद्रामध्ये. एक्सयूव्ही ५०० सुद्धा त्यांच्याच हाताखाली घडली. मी हे सांगितलं तेव्हा पोरांना आधी पटेना, मग मोबाईलवर फोटो शोधला. एकजण म्हणाला, "मॅडम, म्हणजे आमची थार बाईनं काढली?" मी म्हटलं, होय. तो बराच वेळ फोटो बघत होता. थार अजूनही त्याला तेवढीच आवडते.

आता भाचीचं. ती इंजिनिअरिंगला आहे, आमच्याकडंच राहते. गेल्या हंगामात फुलेवाडीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरनं सांडलेल्या चिखलावरून तिची स्कूटी घसरली. त्या दिवशी तिथं आणखी दोघं पडले होते, दोघंही पुरुष. व्हिडिओ फक्त हिचा निघाला. नऊ सेकंदांचा. खाली लिहिलेलं, 'पापा की परी'. कॉलेजच्या ग्रुपवर फिरत फिरत तो तिच्याच मोबाईलवर आला. कोपर सोललं होतं ते आठवड्यात भरलं. चार महिने ती केएमटीच्या बसनं कॉलेजला गेली. स्कूटीवर धूळ बसली. जे असे व्हिडिओ पुढं ढकलतात त्यांना मला सांगायचंय, त्या नऊ सेकंदांच्या पुढं कुणाचेतरी चार महिने असतात.

या महिन्यात ती आपणहून म्हणाली, मावशी, गाडी शिकव. पण बोलेरोवर. का, विचारलं तर म्हणाली, "लाल गाडीवर शिकले तर म्हणतील लेडीज गाडी चालवते." नवरा तिथंच होता, पाटावर पाय ठेवून बसला होता. गुडघा आता फुगत नाही. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि लाल गाडीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

रविवारी सकाळी सहाला आम्ही दोन्ही गाड्या घेऊन शेंडा पार्कला गेलो. आधी तिला बोलेरोत बसवलं. ती माझ्याहून एक इंचानं कमी आहे. क्लच पूर्ण खाली जाईपर्यंत सीट पुढं घेतली आणि टेप तिच्याच हातात दिली. आठ इंच. मग लाल गाडी. सीट वर केली, स्टिअरिंग खाली घेतलं, तिनं परत टेप लावली, वाकून आकडा वाचला.

"साडेदहा."

"मग कुठली?"

तिनं टेप गुंडाळून माझ्याकडं दिली आणि लाल गाडीचं दार ओढून घेतलं.